वसईचं केळं, वसईचा पत्ता

आमच्या लहानपणी 'वसईचं' हे विशेषण वसईत फारसं ऐकू येत नसे. ते ऐकायला दादरला जावं लागे. दादरच्या फूलबाजारात मोगरा 'वसईचा' असे, भाजीवाल्यांच्या ओळीत केळी 'वसईची' असत, आणि तेवढ्या एका शब्दावर गिऱ्हाईक हातातली पिशवी उघडत असे. वसईत मात्र तीच केळी राजेळी असत, वेलची असत, नाहीतर अमक्याच्या वाडीतली असत. माणसांचंही तसंच होतं. घरी असेपर्यंत आम्ही निर्मळचे, नंदाखालचे, भुईगावचे, अगाशीचे, पापडीचे. भाईंदरची खाडी ओलांडली की सगळे एकजात वसईकर.

आज हे विशेषण मुंबईहून घरी परतलं आहे. मोटारींच्या काचांवर, दुकानांच्या पाट्यांवर, मोबाइलवरच्या गटांच्या नावांत 'वसईकर' हा शब्द वसईतच सगळ्यात जास्त दिसतो. आम्ही तेव्हा वसईत राहत होतो आणि तो शब्द वापरत नव्हतो; आता तो शब्द जागोजागी वापरतो आणि वसई शोधत असतो. आमच्या पिढीच्या मनात गेली काही वर्षं हीच गोष्ट घोळते आहे. गावाचं विशेषण नेमकं कुणाला लागतं, कशामुळे लागतं, आणि ते लागण्याजोगं काही उरलं नाही तर त्याचं काय होतं?

'वसई'चा अर्थ आम्हाला शाळेत कुणी सांगितला नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा वाटतच नव्हतं. पुढे कळलं की संस्कृतातला 'वसति' प्राकृतात 'वसइ', 'वसहि' होतो. अबूच्या विमलवसहीत आणि कर्नाटकातल्या जैन बसदीत तोच शब्द आहे. म्हणजे वसई म्हणजे वस्ती, राहण्याची जागा. किती साधं नाव! ना देवाचं, ना राजाचं. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला, आणि त्यांच्या तोंडात वसईची 'बसाईं' झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर मराठ्यांनी बाजीपूर हे नाव दिलं. इंग्रजांनी पोर्तुगीज नावच पुढे ओढून 'बसीन' केलं. ब्रह्मदेशातल्या पाथेन शहरालाही ते बसीनच म्हणत. दरबारी कागदांवर नावं बदलत राहिली, वाडीत पाणी सोडणारा माणूस वसईच म्हणत राहिला.

आता बसीन जवळजवळ पुसलं गेलं आहे, आणि ते योग्यच झालं. आमच्या पिढीने इंग्रजी निबंधात 'बसीन' लिहिलं आणि घरी 'वसई' म्हटलं, एकाच गावाला दोन दप्तरं बाळगल्यासारखं. रेल्वेच्या स्टेशनाचं इंग्रजी नाव 'बसीन रोड' होतं ते 'वसई रोड' झालं. तरी रेल्वेच्या दप्तरात स्टेशनाची खूण अजून बीएसआर हीच तीन अक्षरं आहेत. तिकडे अरबी समुद्रात ओएनजीसीची जी तेल-वायूची क्षेत्रं आहेत त्यांत एक 'बसीन' आहे आणि एक 'वसई पूर्व' आहे. जमिनीवरून गेलेलं नाव समुद्रात टिकलं. आम्हाला त्या नावाचं प्रेम नव्हतं. पण पुठ्ठ्याच्या छोट्या तिकिटावर तारखेचा ठसा उमटताना होणारा 'खट्ट' आवाज आणि त्यावरची ती परकी अक्षरं आठवली की आत काहीतरी हलतं, हे खरं आहे. गुलामीतून आलेल्या नावाविषयी असं वाटावं का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो. उत्तर नाही असंच येतं, आणि वाटायचं थांबत नाही.

गावाला 'कर' जोडून माणूस ओळखायची रीत सगळ्या कोकणाची. तिच्यामागचा नियम मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येतो. गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव लागत नाही. वसईत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांची आडनावं पाहा. राऊत, वर्तक, चौधरी, म्हात्रे, नाईक आहेत. पोर्तुगीज काळात आलेली आणि मराठी जिभेवर घोटली गेलेली डाबरे, लोपीस, तुस्कानो, घोन्साल्विस आहेत. वसईकर हे आडनाव शोधायचं तर वसईबाहेर. जो निघून जातो त्याच्या मागे गाव लागतं. ही रीत किती जुनी आहे हे कार्ल्याच्या लेण्यात कळतं. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं गावासकट कोरलेली आहेत आणि त्यांत सोपाऱ्याचा सातिमित नावाचा एक भाणक आहे, म्हणजे धर्मवचनं मुखोद्गत म्हणणारा भिक्षू. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावचा एक माणूस घाट चढून गेला आणि दगडावर 'सोपाऱ्याचा' म्हणून राहिला.

आज ही रीत उलटी फिरली आहे. जो येतो तोही लगेच 'कर' होतो. सिंधुदुर्गातून, साताऱ्यातून, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आलेली कुटुंबं पाच-दहा वर्षांत स्वतःला वसईकर, विरारकर म्हणवतात. आमच्यातल्या काहींना ते खटकतं. खटकायचं कारण विचारलं तर त्यांना सांगता येत नाही, कारण 'वसई'चा अर्थच मुळी वस्ती. जो वसतो तो वसईचा, एवढंच ते नाव सांगतं. चिमाजी अप्पांच्या आधी आलेले खरे आणि सिडकोकडे इथलं नियोजन गेल्यानंतर आलेले उपरे, अशी रेघ त्या शब्दात कुठेही नाही.

जुनं 'वसईचं' हे माणसांआधी वस्तूंना लागलेलं होतं, हे मात्र विसरून चालणार नाही. जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या चर्चच्या दर्शनी भागात जो काळा घडीव दगड दिसतो तो वसईहून नेलेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गलबतांतून शेकडो किलोमीटर गेलेला हा दगड गोव्यात 'वसईचा दगड' म्हणून ओळखला गेला. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरची थोरली घंटा वसईच्या विजयानंतर गेलेली. पोर्तुगिजांच्या चर्चमध्ये वाजणारी घंटा गोदाकाठी वाजू लागली. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, 'वसईचा' म्हटलं की पुढे 'तह' येतो. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह. आमच्या पिढीतले जे शिकायला पुण्याला गेले त्यांना पहिल्या ओळखीत हमखास दोन गोष्टी ऐकाव्या लागत: चिमाजी अप्पांची मोहीम आणि बाजीरावाचा तह. एकाच विशेषणाखाली एक अभिमान आणि एक लाज.

आताच्या मुलांना पुण्यात कुणी तहाबद्दल विचारत नाही. "वसई म्हणजे मुंबईच ना?" असं विचारतात. मुलंही "हो, तिथेच, जवळच" म्हणतात. अभिमान आणि लाज दोन्ही एकदमच सुटली. मोकळं झालं म्हणायचं, पण हलकंही झालं.

वसईच्या वस्तूंना ते नाव कशाने मिळालं? पाण्याने आणि कष्टाने. समुद्र हाकेवर असताना गोडं पाणी राखायची विद्या इथल्या लोकांकडे होती. वाडीवाडीत बावखल असे, पावसाचं पाणी साठवणारं उथळ तळं. चार महिने ते भरायचं, आठ महिने त्याच्या आधाराने शेजारच्या विहिरीत गोडं पाणी झिरपत राहायचं आणि खारं पाणी मागे रेटलं जायचं. विहिरीवर रहाट, रहाटाला गाडग्यांची माळ, आणि तो ओढायला बैल किंवा रेडा. पहाटे रहाटाची करकर सुरू झाली की गावाला जाग येई. पाणी पाटातून वाफ्यात, वाफ्यातून केळीच्या बुंध्याशी. कुठला पाट कधी फोडायचा आणि कुठला कधी बांधायचा, हे पोरांना पाढ्यांच्या आधी येत असे. वर केळी, मधे पानवेली, खाली अळू, कडेला मोगरा आणि सोनचाफा. वीतभर जागा रिकामी नसे.

आज नळाला सूर्या धरणाचं पाणी येतं. तोटी फिरवली की पाणी, त्यासाठी कुणाला जनावरामागे चालावं लागत नाही. बरं झालं, हे मनापासून म्हणतो. रहाटाच्या करकरीच्या आठवणी काढणाऱ्या आमच्यातल्या फार थोड्यांनी तो रोज हाकला आहे. ज्यांनी हाकला त्यांना पहाटेची झोप आठवते, बैलामागे गोल गोल फिरताना अंधारात लागलेली ठेच आठवते, शाळेत पहिल्या तासाला मिटणारे डोळे आठवतात. मे महिन्यात विहिरी मचूळ होत आणि त्याच पाण्याचा चहा सगळे पीत. पण बावखलं बुजवली गेली, एकामागून एक, भरावाचे ट्रक आले आणि तळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं, गाड्या बंद पडल्या, घरोघरी वीज नाही, दूध नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं: "पाण्याला बसायला जागाच ठेवली नाही." रहाट गेला तो जायलाच हवा होता, बावखल जायला नको होतं. आम्ही मात्र दोन्हींना एकाच वेळी जुनाट ठरवलं आणि दोन्ही एकाच वेळी सोडलं.

सुकेळ्यांचं सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. सुकेळी अगाशीची, इथेही विशेषण वसईचं नव्हे, त्याहून लहान जागेचं. राजेळीचा घड पुरता पिकला की केळी सोलायची, सोलताना नख लागू द्यायचं नाही. उंच बांधलेल्या मांडवावर चटया घालून त्यांवर एकेक केळं सुटं मांडायचं, एकाला एक चिकटता कामा नये. दिवसभर ऊन, मधे एकदा उलटणं, संध्याकाळी दंव पडायच्या आत सगळं घरात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. आठवडाभर हे चाले. पांढरं केळं आधी पिवळं, मग मधासारखं, मग तपकिरी होई आणि अंगचा चिकट गोडवा वर येई. आभाळ आलं की घरातल्या बायकांचे चेहरे उतरत, कारण एका ढगाळ दिवसात आठवड्याचं काम आंबून जाई. कावळे आणि माश्या हाकायला पोरं बसवत. त्याची मजुरी म्हणून मोडकं, तुटकं, आकाराने बिघडलेलं सुकेळं हातात पडे. शेवटी केळीच्याच वाळलेल्या पानात गुंडाळून, सोपटाच्या दोरीने आवळून पुडकी होत. केळं, वेष्टण, दोरी, सगळं एकाच झाडाचं.

सुकेळी आजही मिळतात. काही घरांनी हे काम टिकवलं आहे आणि आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पण राजेळी लावायला वाडी लागते, वाडीला माणूस लागतो, आणि ज्याची मुलं विमा कंपनीत आणि विमानतळावर नोकरीला आहेत त्याने मांडवावर केळी कुणाकडून उलटवून घ्यायची? मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना शिकवा, इथून बाहेर काढा, असा धोशा आम्हीच लावला होता. स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर आज जळगावची केळी असतात आणि विकणारा प्रामाणिकपणे तसं सांगतो. वसईत उभं राहून वसईचं केळं मागितलं की तो क्षणभर आपल्याकडे पाहत राहतो.

वसईच्या वस्तूंना मुंबई दाखवली ती रेल्वेने. १८६७ च्या एप्रिलात विरारहून बॅकबेपर्यंत रोजची एक गाडी सुरू झाली, तिथपासून हा संसार रुळांवर चालला. पहिल्या गाड्यांचा लगेजचा डबा हे आमच्या लहानपणी फिरतं शेत होतं. ओल्या पानांचा, मोगऱ्याचा, अळूच्या मातीचा वास, डोक्यावरच्या चुंबळी मांडीवर घेऊन टोपलीला टेकून झोपलेल्या बाया, आणि दादर आलं की सगळ्यांनी एकमेकींच्या टोपल्या उचलून देणं. कुणाची टोपली आधी, कुणाची नंतर, याचा क्रम ठरलेला होता. हिंदू-ख्रिस्ती असा भेद त्या क्रमात नव्हता. त्या बाया रात्री तीनला उठत. गाव ते स्टेशन अंतर चालत, डोक्यावर ओझं घेऊन, पावसात गोणपाटाची खोळ घालून. चाळिशीतच त्यांच्या माना दुखू लागत. ज्या वासाची आम्ही आठवण काढतो तो त्यांच्या मानेवरून मुंबईला जात होता, हे लिहून ठेवायला हवं.

आज त्याच गाडीने 'विरार' हे एक नवं विशेषण घडवलं आहे. 'विरारची गाडी' म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे दाराशी लोंबकळणारी गर्दी येते, आणि 'विरारकर' म्हणजे त्या गर्दीत रोज उभं राहून घर चालवणारा माणूस. हे विशेषण जमिनीतून उगवलेलं नाही, ते रुळांवर कमावलेलं आहे. त्यातही रीतिरिवाज आहेत. ठरलेला डबा, ठरलेली भजनमंडळी, कुणाचा वाढदिवस असला तर चालत्या गाडीत वाटलेले पेढे, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीची जागा करून देणं. आम्ही लगेजच्या डब्याला मायेने आठवतो. आजच्या डब्यात तीच माया आहे, फक्त टोपलीच्या जागी लॅपटॉपची बॅग आहे. ती पाठीवरून काढून पोटाशी धरायची असते, आणि ते नव्या माणसाला शेजारचा जुना माणूस शिकवतो.

सोपाऱ्याची गोष्ट सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत दुखरी. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर. ग्रीक दर्यावर्द्यांच्या नोंदींत ते आहे, जातककथांतल्या कसबी आंधळ्या तांडेलाचं नावही सुप्पारक आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, तेव्हा एकात एक बसवलेले करंडक आणि सोन्याची फुलं निघाली; ती संपदा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. गावकरी त्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपं विणणारा तो बुरूड. संस्कृत नाव आणि गावची कहाणी अशी हातात हात घालून उभी होती. खरं बोलायचं तर आम्ही पोरं त्या कोटावर खेळायला आणि गुरं चारायला जात होतो. तिथे काय निघालं हे आम्हाला माहीत नव्हतं आणि सांगणाराही कुणी नव्हता.

आज नालासोपाऱ्याचा, म्हणजे त्याच सोपाऱ्याचा, पत्ता सांगताना नोकरीच्या मुलाखतीला गेलेली मुलं किंचित थबकतात. दाट चाळी, अपुरं पाणी आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या यांनी त्या नावाला एक वेगळाच अर्थ चिकटवला आहे. कार्ल्याच्या खांबावर ज्याने 'सोपाऱ्याचा' म्हणून नाव कोरवलं त्याला त्यात भूषण वाटलं असणार. आजच्या मुलाला ते लपवावंसं वाटतं. विशेषण तेच, गाव तेच. त्या मुलाने काही केलेलं नाही. त्याला अर्धाच पत्ता दिला गेला, पिनकोड दिला आणि शूर्पारक दिलं नाही.

आमच्या 'वसईकर' म्हणण्यातही एक खोट होती. वाडीवाला वसईकर होता, मच्छीमार कोळी वसईकर होता, मिठागराचा मालकही वसईकर होता. पण वाडीत राबणारा आदिवासी गडी वसईकर नव्हता. तो फक्त 'गडी' होता. तालुक्याच्या पूर्व भागात वेठबिगारी होती आणि तिच्याविरुद्ध श्रमजीवी संघटनेला ऐंशीच्या दशकात, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी, लढा उभारावा लागला. पाणवठे वेगळे होते, स्वयंपाकघरात कुणी यायचं हे ठरलेलं होतं. निर्मळच्या जत्रेत सगळे एकत्र फिरत आणि घरी येऊन वेगवेगळ्या पंगतींत बसत. कादोडी बोलणाऱ्या घरांतली मुलं शाळेत बोलायला लाजत, कारण त्यांच्या बोलीला हसलं जाई. ज्या हिरव्या वसईसाठी आम्ही हळहळतो ती सगळ्यांना सारखी हिरवी नव्हती.

आता तो गडी मतदार आहे, त्याची मुलगी कॉलेजात आहे आणि कादोडीत गाणी, नाटुकली, पुस्तकं होतात. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईच्या वाडीत वाढलेला एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर बसला, तेव्हा 'वसईचे' या विशेषणाला जो मान मिळाला तो आमच्या बालपणात कल्पनेतही नव्हता. त्या अर्थाने आजची वसई मोठी आहे, जुनी लहान होती.

मग गेलं ते काय? गेली ती वस्तू. १९९० साली सिडकोकडे इथलं नियोजन सोपवलं गेलं आणि वाडीची जमीन चौरस फुटांत मोजली जाऊ लागली. त्याच सुमारास हरित वसई संरक्षण समितीने मोर्चे काढले, फादर दिब्रिटोंनी ती चळवळ पुढे नेली, गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. लढा वाया गेला असं कुणी म्हणू नये; पश्चिमेच्या काही गावांत आज जी झाडं आहेत ती त्या लढ्याने राखलेली आहेत. पण ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांच्या वर गेली. पूर्वी 'वसईचं' म्हटलं की पुढे केळं येई, पान येई, मोगरा येई, दगड येई. आता पुढे पूर्व किंवा पश्चिम येतं, आणि इमारतीचं नाव.

व्याकरणात विशेषणाला विशेष्य लागतं. विशेष्य गेलं की विशेषण काही काळ हवेत राहतं, मग पाटीवर चढतं आणि शेवटी नुसता पत्ता होतं. आमच्या पिढीचं दुःख नव्या माणसांच्या येण्याचं नाही. वस्ती या अर्थाच्या गावात वस्ती झाली, यात तक्रार कसली? दुःख आहे ते, येणाऱ्याच्या हाती ठेवायला आम्ही 'वसईचं' काही राखलं नाही याचं. आम्ही जमिनी विकल्या. सक्तीने काही, गरजेने काही, आणि पुष्कळशा सुखाच्या ओढीने. ती सुखं आम्ही भोगतोही आहोत.

म्हणून आता आठवणी काढत बसण्यापेक्षा करण्यासारखं जे आहे ते करावं. उरलेल्या बावखलांची गावागावाने नोंद करावी आणि त्यांवर भराव पडू देऊ नये. ज्यांच्याकडे राजेळीचे चार कंद आहेत त्यांनी ते शेजारच्या सोसायटीच्या अंगणात लावायला द्यावेत आणि सुकेळी कशी घालतात हे इथल्याच कुणाही पोराला, मग त्याचं आजोळ रत्नागिरी असो की जौनपूर, दाखवावं. नालासोपाऱ्याच्या शाळांनी दर वर्षी मुलांना बुरूड राजाच्या कोटावर न्यावं आणि सातिमिताचं नाव सांगावं. वसईकर कोण, याचा निवाडा जन्मदाखल्यावर किंवा सातबाऱ्यावर होऊ नये. इथलं पाणी, इथली माती, इथली आठवण यांतलं काहीतरी जो सांभाळतो तो वसईकर, मग तो गेल्या वर्षी का आलेला असेना; आणि जो सांभाळत नाही त्याच्या दहा पिढ्या इथे गेल्या असल्या तरी त्याच्याकडे उरतो तो फक्त पत्ता. ही कसोटी सगळ्यांत आधी आम्हाला, जुन्या घरांतल्या माणसांना लावायला हवी.